दाखल झालेली माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार

आज अमरावतीच्या वाचनालयात रुजू झाले. राजापेठेतली खोली छान मिळाली. खाली शिकवणी वर्ग असल्यामुळे दिवसभर फरशीतून फिजिक्स वर येतं. सकाळी कोपऱ्यावर दह्यात भिजलेला गिलावडा खाल्ला आणि अकोल्यात इतकी वर्षं उगाच काढली असं वाटलं. हे फोनवर सांगितलं तर आई रागावलीच.

वाचनालय जुनं आहे, माझा विभाग मात्र नवा. दारावर ‘स्थानिक इतिहास संग्रह’ अशी पाटी. मागच्या बाजूची थंड खोली, एकच खिडकी, लोखंडी मांडण्या. लोकांनी घरातलं आणून दिलेलं इथं जपायचं: फोटो, लग्नपत्रिका, अवजारं, कॅसेटी. पुसायचं, क्रमांक लावायचा, मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायचं. ग्रंथपाल गोवर्धन सर म्हणाले, वऱ्हाडात दिवाळीची साफसफाई निघाली की अर्धा इतिहास भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. तो आपण उतरवून घ्यायचा. सर साठीच्या आसपासचे, एकटेच राहतात. लग्न केलं नाही म्हणे. चहा मात्र दोन कप मागवतात आणि दुसरा कप टेबलावर तसाच निवत राहतो. मी घेऊ का विचारलं तर गोंधळले, म्हणाले, घ्या ना, घ्या.

मला हे काम आवडणार आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

वरुडहून मैनाबाई आल्या, सोबत मुलगा किशोर. मंडीत संत्री उतरवून तोच छोटा ट्रक घेऊन आले, त्यामुळे सगळ्या सामानाला संत्र्यांचा वास. मैनाबाईंचे यजमान खुशालराव गेल्या वर्षी वारले. संत्र्यांच्या पेट्यांवर बागवानाची खूण उमटवायचे पत्र्याचे साचे ते हातानं कापत. मोर, कंदील, बैलजोडी. एका बागवानाची तर खूण म्हणजे नुसत्या मिशा. आता पेट्या छापूनच येतात. सोबत फोटो आणले होते, कातऱ्या होत्या, चष्मा होता.

मैनाबाई एकेक साचा पदरानं पुसून माझ्या हाती देत होत्या आणि बोलत होत्या. पत्रा कापताना खुशालराव शीळ घालायचे. वांग्याच्या भाजीवर रुसायचे. रागावले की जेवायचे नाहीत, पण ताटावरून उठायचेही नाहीत. “माहे बुढे लय तिरसट, पोरी. पन मी आजारी पडली का उशाशी बसून राहेत,” म्हणाल्या आणि हसल्या. निघताना त्यांनी माझा हात धरला. “नीट सांभाळशीन ना व माय, त्याईले?” मी म्हटलं, घरच्यापेक्षा नीट.

त्यांच्यासमोरच क्रमांक चिकटवले. पायऱ्या उतरताना दोघंही थांबली, मागं वळून पाहिलं, घरी काही राहून गेल्यासारखं. मग गेली.

संध्याकाळी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, मग तुझ्या बाबांच्या कॅसेटी काय इथं कुजवायच्या? बाबा म्हणजे धर्मपाल, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. रविवारी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जायचे. छप्पनला दीक्षेसाठी नागपूरला कसे गेलात, सोबत काय बांधून नेलं, परत येताना मनात काय होतं, असं एकेकाला बोलतं करायचे. सूटकेसभर कॅसेटी आहेत. पहिल्या कॅसेटच्या सुरुवातीला मी आहे, तीन वर्षांची. मशीन चालतं का पाहायला बाबांनी मलाच बोलायला लावलं होतं. मागून आई चहाला हाक मारते. अनुप तेव्हा जन्मायचा होता, म्हणून तो त्या कॅसेटवर अजून चिडून आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी आईला म्हटलं, देऊ की. याहून चांगली जागा कुठली?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एका फोटोत खुशालरावांशेजारी कोण उभं आहे, हे विचारायला मैनाबाईंना फोन केला. त्यांना मी आठवत होते, वाचनालय आठवत होतं. “कोन खुशालराव?” म्हणाल्या. तुमचे यजमान, मी म्हटलं. त्या हसल्या, मग फोन किशोरकडे दिला. किशोर शिकलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आमच्या घरी असं कोनी नव्हतं.” मग ते साचे कोणाचे, विचारलं. माळ्यावर पडले होते, जुने असतील कोणाचे तरी.

मैनाबाईंचं वय झालंय. पण किशोर?

१६ नोव्हेंबर, रविवार

राहवेना, म्हणून खुशालरावांचा फोटो पिशवीत घेऊन वरुडला गेले. घरात भिंतीवरून फोटो उतरवल्याची फिकट चौकट तशीच आहे. मैनाबाईंनी आग्रहानं जेवायला बसवलं. ताटं वाढली, त्यात एक जास्तीचं. हे कोणाचं, मी विचारलं. त्या ताटाकडे पाहत राहिल्या. किशोर हळूच म्हणाला, आठवडाभर हेच चालू आहे. वाढते, अन् ताटापुढं बसून रडते. काहून रडते ते तिलेच मालूम नाही.

मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिला आणि परका पुरुष दारात यावा तसा पदर डोक्यावर ओढला. “पराया मानसाचा फोटो मी घरात कायले ठिऊ, बाई?” मी किशोरकडे बोट दाखवलं. मग हा कोणाचा मुलगा?

“माहा,” म्हणाल्या. बापाचं नाव सांगायला गेल्या. नुसते ओठ हलत राहिले. किशोर भिंतीला टेकला. त्यानं मला स्टँडवर सोडलं.

माणूस पुसून गेलं आणि त्याचं दुःख तेवढं घरात ठेवून गेलं. त्या बाईला आता रडायलाही कारण उरलेलं नाही. फोटो माझ्याच पिशवीतून परत आला.

१७ नोव्हेंबर

खोक्यात ठेवताना फोटो नीट पाहिला. खुशालराव मान खाली घालून कातरीकडे पाहत होते. मला पक्कं आठवतं, दाखल करताना मी तो स्कॅन केला होता आणि स्कॅनमध्ये मान खालीच आहे. फोटोत मात्र मान वर आहे. तोंड उघडं आहे, लांबून कोणाला तरी हाक मारावी तसं.

मग बाकीची खोकी उघडली. लग्नातली माणसं, खळ्यातली, शाळेच्या पायऱ्यांवरची. सगळी माझ्याकडे तोंड करून. सगळ्यांची तोंडं उघडी.

ज्यांनी संग्रह दिले त्यांना एकेक करून फोन लावले. दिलेल्या वस्तूंमधलं माणूस कोणालाच आठवत नाही. एका बाईनं मलाच विचारलं, मी रोज रडते हे तुम्हाला कोणी सांगितलं?

खिडकीशी मांडणीमागून शीळ ऐकू आली. भर दुपारी. मी खोलीबाहेर पळाले.

१९ नोव्हेंबर

विभागातलं सगळ्यात पहिलं खोकं आज उघडलं. आत लग्नाचा फोटो, बाशिंगं, काचेच्या बांगड्या. नवरदेव म्हणजे तरुणपणीचे गोवर्धन सर. दाता म्हणूनही त्यांचंच नाव, त्यांच्याच अक्षरात.

फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. सरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. हा मुलगा थोडा माझ्यासारखा दिसतो, नाही का, म्हणाले. मी म्हटलं, सर, तुम्हीच आहात, ही तुमची बायको आहे. ते हसले. मी तर लग्नच केलं नाही, नीलम. बोलता बोलता त्यांच्या हातानं चहाचा दुसरा कप उचलून फोटोसमोर ठेवला. ते त्यांना कळलंही नाही.

मला रडू आवरेना. सर घाबरले, कपाळाला हात लावून पाहिला. ताप आहे, दोन दिवस घरी राहा म्हणाले. मी हात जोडून सांगितलं, सर, आता कोणाचं काही दाखल करू नका. हो हो म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं.

२१ नोव्हेंबर

तापात कालचा दिवस गेला. आज दुपारी शुद्धीवर आले आणि आधी आईला फोन केला: बाबांच्या कॅसेटी देऊ नकोस, कोणालाच देऊ नकोस. आई म्हणाली, अनुप त्या घेऊन सकाळीच निघाला. तुला न सांगता थेट वाचनालयात नेऊन देणार होता. तू खूश होशील म्हणून.

तशीच धावत गेले. अनुप वाचनालयाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, “ताई, मी अमरावतीले काहून आलो होतो?”

आत टेबलावर सूटकेस. प्रत्येक कॅसेटवर क्रमांक. सरांनी स्वतः चिकटवले, मला त्रास नको म्हणून.

तिथूनच आईला पुन्हा फोन लावला. आई, बाबांच्या कॅसेटी — मी म्हटलं. “कोनाचे बाबा?”

माझ्याही मनातून जातील. आत्ताच लिहून ठेवते. बाबा ठेंगणे होते. हाताला ग्रीसचा वास, साबणानंही न जाणारा. सायकलच्या दांडीवर माझ्यासाठी टॉवेल गुंडाळायचे. बारावीच्या निकालाच्या दिवशी वर्कशॉपात सगळ्यांना जिलेबी वाटली. मरताना दवाखान्यात माझं बोट धरून होते, सोडलं नाही. बाबा, मी विसरणार नाही. मी नाही विसरणार —

२२ नोव्हेंबर

सूटकेस खोलीवर आणली. सरांनी अडवलं नाही. चिठ्ठ्या ओल्या करून सोलल्या. नखांतून रक्त आलं. चिठ्ठीखाली प्लास्टिकवर तोच क्रमांक उमटलेला आहे. घासला, तरी आहे. कॉम्प्युटरमधली नोंदही काढून टाकली. काही फरक नाही.

सायकलच्या दांडीवर टॉवेल होता. निळा? चालवत कोण होतं?

२३ नोव्हेंबर

वर ‘बाबा’ लिहिलंय. अक्षर माझं आहे. वाचलं की छातीत कळ येते, पण डोळ्यांसमोर कोणी येत नाही. ग्रीसचा वास मात्र खोलीभर आहे.

आईचा आज फोन नाही. रोज करते.

२४ नोव्हेंबर

खालच्या शिकवणीतून टेपरेकॉर्डर मागून आणला. पहिली कॅसेट लावली. एक माणूस मायेनं म्हणतो, बोल बेटा, नाव सांग. लहान मुलगी म्हणते, नीलम. मागून एक बाई चहाला हाक मारते. पुढं म्हाताऱ्यांच्या गोष्टी असायला हव्यात. त्या नाहीत. तोच माणूस बोलतो आहे, अगदी जवळून, दम लागल्यासारखा —

“नीलम, दार उघड. इथं फार माणसं आहेत, बेटा. कोणालाच घरी जाता येत नाही.”

बंद केली. पुन्हा लावली. कोण आहात तुम्ही? मी ओरडून विचारलं. कोण आहात? तो नुसता माझं नाव घेत राहिला. त्याच्यामागं आणखी आवाज, पुष्कळ, वेगवेगळी नावं —

२५ नोव्हेंबर

मीच आईला फोन केला. “कोन बोलून राहिलं?” नीलम, आई, तुझी नीलम. रॉंग नंबर म्हणाली. ठेवला.

आता कळलं. कॅसेटीत फक्त तो माणूस नाही. ती लहान मुलगी मी आहे. मीही दाखल झाले. म्हणून आईच्या मनातून गेले.

आणि चहाला हाक मारणारी — ती आई आहे. म्हणजे तीही. माझ्या मनातून —

आई आई आई आई. माझी आई. उद्या पहिल्या गाडीनं अकोला. कॅसेट तिला ऐकवीन. ऐकेल. आवाज ओळखेलच ना, स्वतःच्या पोरीचा —

२६ नोव्हेंबर, अकोला

आईनं दार उघडलं. पाणी दिलं. कोणाची मुलगी, विचारलं. तुझीच, मी म्हटलं. तिनं अनुपला हाक मारली. अनुप मला मॅडम म्हणाला, आईला मावशी.

कॅसेट लावली. तिनं ऐकली. बोल बेटा, नाव सांग. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तिचे पाय धरले. ती माझे हात सोडवत म्हणाली, “मले रडू काहून येऊन राहिलं, बाई? काय लावलं तुमी हे? बंद करा.”

अनुपनं सूटकेस दाराबाहेर ठेवली. नीट बोलला. जा म्हणाला.

फाटकाबाहेर बसून लिहिते आहे. उठवत नाही. शेजारी विचारतात, कोणाकडं आलात. सांगता येत नाही, मी —

ती अजून दारात उभी आहे. डोळे पुसते, आत जात नाही. माझ्याकडंच पाहते.

कोणी बाई आहे. साठीची. रडते आहे. का पाहते माझ्याकडं? मीही रडते आहे.

तिला हाक मारायची आहे. फार मारायची आहे. आत्ता मारली नाही तर ती आत जाईल, दार लावेल. काय म्हणून मारू, काय म्हणायचे मी हिला, काय —