बायांना न झेपणारी वाट

रविवार, ४ जानेवारी

सोपानराव आणि पिंटू येऊन गेले. ह्यांचे कंपनीतले दोस्त. दर जानेवारीत ही मंडळी कोकणात जायची, एका खेड्याखालच्या किनाऱ्यावर. तिथे ना हॉटेल, ना टपरी. हे गेले आणि दोन वर्षं ते बंद पडलं. आता पुन्हा जाणार आहेत. ह्यांचा फोटो मागायला आले होते. समुद्र दाखवून आणतो म्हणे!

म्हटलं, फोटो मीच घेऊन येते.

सोपानराव कपात बघत म्हणाले, "वहिनी, ती वाट बायांना झेपणारी नाही. सरळ कडा आहे."

हेच वाक्य! लग्नापासून ह्यांच्या तोंडून ऐकत आले. मी धपाटे बांधून द्यायचे, आणि परत आले की वाळू कशी, खेकडे कसे, ते ऐकत बसायचं.

मंगळवार, ६ जानेवारी

समाधान म्हणतो, "आई, पुरुषांच्या गाडीत तू एकटी? काळेवाडीत लोक काय बोलतील?" पोटचा पोरगा! दोन वर्षांत ह्या लोकांनी माझा एक सिलिंडर जिन्यावरून वर आणून दिला नाही.

वाचनालयातून कोकणावरचं पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, वाचनालय नाही सुटलं. त्यातल्या कड्यांचे फोटो दोनदा बघितले. तरी जाणार.

शनिवार, १० जानेवारी

कोकणातल्या त्या खेड्यात, एका घराच्या ओटीवर बसून लिहितेय. रागाने अक्षर बिघडतंय.

कडा कसला! जांभ्या दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत. अरुंद आहेत, एका अंगाला खोल आहे — पण धड वाट आहे. आणि त्याच वाटेने बाया वर येत होत्या, डोक्यावर खडकांवरून काढलेल्या कालवांच्या टोपल्या घेऊन! त्यांतली मंजुळाबाई तर माझ्याहून थोरली. मला म्हणाली, "हळू उतर गो, घाई नको."

पदर खोचला, चप्पल हातात घेतली, उतरले. पिंटूच्या आधी.

खाली दोन काळ्या खडकांच्या मधे एवढीशी वाळू. हिरवं पाणी. माणूस नाही, कचरा नाही. इतकं सुंदर — आणि माझ्या डोक्यात एकच. हे माझ्यापासून का राखून ठेवलं? मी आले असते तर काय बिघडलं असतं?

सोपानरावांना तेच विचारलं. ते चपलेतली वाळू झटकायला लागले.

फोटो पिशवीतून काढलाच नाही.

सोमवार, १२ जानेवारी

आज फोटोला हार घातला नाही. उद्याही नाही घालणार.

रविवार, १८ जानेवारी

सोपानराव एकटेच आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणाले, "वहिनी, तो कधी खाली उतरलाच नाही. पहिल्या वर्षी अर्ध्या वाटेत पाय लटपटले, बसत बसत वर गेला. मग दर वर्षी वर काजूच्या झाडाखाली बसायचा आणि आम्हाला ओरडून विचारायचा, वाळू तापलीय का, खेकडे आहेत का. घरी सांगू नका, अशी शपथ घातली होती."

माझ्यापासून लपवायचं? मी काय हसले असते?

हसले असते. मग हात धरून खाली नेलं असतं.