मुख्याध्यापिकांचा चांदीचा कप

प्रिय बाबा,

(टेलरकाका, पत्र वाचून दाखवताय, आभारी आहे. मधे स्वतःची मतं घालू नका.)

मी बरी आहे, वेळेवर जेवते. नोकरीचे सहा महिने या महिनाअखेर पुरे होतील; मग मला कायम करायचं की नाही ते मुख्याध्यापिकाबाई ठरवणार. म्हणूनच परवापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

मी वर्गात रोजच्या वापरातली मूलद्रव्यं मांडली होती. तांब्याची वायर, ॲल्युमिनियमचं पातेलं, गळाला लावायचं शिसं, नायट्रोजनसाठी वेफर्सचं फुगलेलं पाकीट. (ते मुलांनी खाल्लं. नायट्रोजन गेला.) चांदी काही मिळेना. बाईंनी मोठ्या मनानं आपला धावण्याच्या शर्यतीतला कप दिला. तो हातात आला मात्र, आणि आपल्या दुकानात काहीही आलं की आपण जे करतो तेच मी केलं. बुडाला कानस मारली. आत पिवळं निघालं!

आता प्रत्येक वस्तूपुढे नावाची चिठ्ठी होती, पण कपाच्या चिठ्ठीवर ‘चांदी’ लिहायला माझा हात धजेना. मी लिहिलं, ‘पितळ. तांबं अधिक जस्त. मूलद्रव्य नव्हे.’ बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. “चाळीस वर्षं कपाटात आहे तो. हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी म्हणाले, “वडिलांनी.” “हो, फॉर्मवर वाचलंय. धातुतज्ज्ञ ना? मग शनिवारी बोलवा त्यांना. ते म्हणाले तर मानेन.”

(टेलरकाका, पुढचं हळू वाचा.) बाबा, ते मीच लिहिलं होतं. नोकरीच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ पुढे ‘भंगारवाला’ लिहिणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुलीच्या फॉर्मवर ‘डॉक्टर’ दिसलं. आपल्या अख्ख्या घरात पहिला फॉर्म मी भरला, आणि त्यातच तुम्हाला लपवलं.

आज सकाळी बाईंसमोर तो शब्द खोडला, खरा लिहिला, शेजारी सही केली. त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे रोज शंभर वस्तू पारखणारा माणूस. तज्ज्ञापेक्षा बरा. येऊ द्या.” नोकरीबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी दहाला शाळेत या. कुणाचा कोट उसना घालू नका (टेलरकाका, देऊ नका), कामावरचाच शर्ट धुऊन घाला. पितळ असेल तर पितळच सांगा, माझ्या नोकरीकडे बघू नका. फक्त एक ऐका. बाई त्या कपासाठी जीव तोडून धावल्या होत्या. मुलांसमोर त्याचा किलोचा भाव सांगू नका.

तुमचीच,
भंगारवाल्याची थोरली