पाऱ्याची बरणी नेऊन संजनाला माहेरी येऊ देणेबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
पाऱ्याची बरणी नेण्याचे काम अखेर ज्यांच्याकडे निघेल ते कार्यालय, कर्जत.

विषय : अर्जदाराच्या कपाटातील पारा हलविणेबाबत.
संदर्भ : आपल्या माणसांचे तोंडी उत्तर, "उद्या येतो."

महोदय,

करवंदवाडीच्या तपासणी शिबिरात रक्तदाबाचे जुने यंत्र पडून फुटले व पारा जमिनीभर पळाला. आमच्याकडे तांदळाला कीड लागू नये म्हणून कणगीत पारद गोळ्या ठेवतात. त्यामुळे शेजारच्या अंबूबाईने "फुकटचा हाय गं, सोडतेस कशाला?" म्हणत तो हळदीच्या डबीत भरून नेला व तांदळाच्या कणगीत ठेवला. अर्जदार बाईने मात्र शिबिराच्या भिंतीवर लिहिलेल्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पथक आले, पारा टिपून बरणीत बंद केला, अंबूबाईचा तांदूळही नेला. अंबूबाई तेव्हापासून अर्जदाराशी बोलत नाही.

बरणी मात्र नेली नाही. वाडीत कुलपाचे लोखंडी कपाट एकट्या अर्जदाराकडे, म्हणून ती त्यात ठेवून सील लावले. यजमानांचे बरे सदरे आतच राहिले. भाच्याच्या हळदीला ते मेव्हण्याचा सदरा घालून गेले व बटणे लागेनात म्हणून जेवणभर पोट आत ओढून बसले.

विचारणा केली असता आरोग्यवाले कचऱ्याकडे, कचरावाले प्रदूषणाकडे व प्रदूषणवाले पुन्हा आरोग्याकडे बोट दाखवितात. एकाने कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरायला सांगितले. तिथून विहीर हाकेवर आहे, म्हणून अर्जदाराने ऐकले नाही. एसटीने आणून द्यावी, तर पारा घेऊन गाडीत बसू नये अशी पथकाचीच ताकीद आहे.

हे सर्व सोसले असते. परंतु खालापूरला दिलेली मुलगी संजना पहिलटकरीण असून तिला आठवा लागला आहे. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही, गरोदर बाईने लांब राहावे, असे पथकानेच सांगितले. पोरगी फोनवर म्हणते, "आई, ती बरणी जाईस्तोवर मी नाय यायची." तिचे खरेच आहे. बाळासाठी शिवलेली दुपटीही त्याच कपाटात आहेत. ती आता नवी शिवावी लागतील.

तरी बरणी या आठवड्यात न्यावी व घर तपासून द्यावे. ते जमत नसल्यास संजनाचे बाळंतपण आपल्या निवासस्थानी करण्यास मंजुरी मिळावी. डिंकाचे लाडू अर्जदार करून आणील व सव्वा महिना तिथेच राहील.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सौ. सोनुबाई विकास ठोंबरे
मु. करवंदवाडी, पळसदरीजवळ
दि. ८ फेब्रुवारी २०२५

सोबत : बाळंतिणीच्या पथ्याची यादी. पहाटे शेगडी पेटवायला आपल्या घरी कोण उठेल, तेवढे कळवावे.