समासातले टाके

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा बसूनच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण या क्षणी मांडीवरच्या सुईवर एकशे बारा टाके आहेत, आणि मी वाकलो तर त्यांतले निम्मे माझ्या आधी जमीन गाठतील.) तुझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात की उतरताना, ते वेगवेगळे कळवावे, दोहोंची कारणे भिन्न असतात आणि त्यांवर मला दोन स्वतंत्र परिच्छेद लिहिता येतील. भाचीला आणि जावयांना आशीर्वाद. नातीला दात किती आले? वरचे किती, खालचे किती? माझी प्रकृती ठीक आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागून पाच आठवडे झाले, शाळेची प्रयोगशाळा कुलूपबंद आहे, आणि समजावून सांगायला समोर कोणी नसल्यामुळे घशाला पूर्ण विश्रांती मिळते आहे. ती घशाला मानवलेली नाही.

तुझे पत्र मिळाले. ‘माझी चार पुस्तकं आणि ती निळी लोकर, सुयांसकट, पार्सलनं पाठव. इथंच बसून तुझा स्वेटर पुरा करते आणि पोस्टानं धाडते,’ असे तू लिहिलेस. त्यातल्या ‘इथंच’ या शब्दाकडे मी बराच वेळ पाहत होतो. तू गेलीस ती तीन महिन्यांच्या बोलीवर, लेकीचे बाळंतपण आटोपून परत यायला. आता दहावा महिना चालू आहे. ज्याचे सामान मागे राहिले आहे तो माणूस परतणार, असे धरून चालता येते. त्यानेच सामान मागवले, की गृहीतक डळमळते. पण ते असो. तू येणार की नाही, हे मी या पत्रात विचारणार नाही. हे पत्र निव्वळ तांत्रिक स्वरूपाचे असून, पार्सल तूर्त का पाठवता येत नाही याचे स्पष्टीकरण देणे एवढाच त्याचा हेतू आहे.

पत्र आले त्याच दुपारी मी ठरवले, की स्वेटर आपणच पुरा करावा. तो झाला की पाठवण्याजोगी लोकर उरत नाही. पुस्तकेही वाचून काढावीत. शेवट काय ते पत्राने कळवता येतात. (विणणे तूच शिकवले आहेस, मला गोवर आला तेव्हा, मी अंग खाजवू नये म्हणून हात गुंतवून ठेवायला. तेव्हाचा तो मफलर चार बोटे रुंद आणि खोलीएवढा लांब झाला होता, कारण तो थांबवायचा कसा हे तू मी बरा झाल्यावर शिकवलेस.) पुढचा भाग तू विणून ठेवलाच होतास. राहिली पाठ आणि दोन बाह्या. अडचण एकच होती, नमुन्याची. तुझी विणकामाची वही मी कपाटात शोधली, गाद्यांखाली शोधली, पिठाच्या डब्यातही हात घातला. वही नव्हती. मग खिडकीशी पडलेली तुझी रहस्यकथा सहज उघडली, तर सव्विसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले: सु ४, उ २. म्हणजे चार सुलट, दोन उलट. ताई, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो वर्गात एकदाच झाला होता, जेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलीने आपण होऊन विचारले होते, ‘सर, पण का?’

आता पद्धत समजावून सांगतो. तू एका वेळी चार पुस्तके वाचतेस. खिडकीशी रहस्यकथा, ओट्यावर एका खलाशाचे प्रवासवर्णन, उशाशी मधमाश्यांवरचा ग्रंथ, आणि पिशवीत ती तीन पिढ्यांची जाड कादंबरी. विणकाम मात्र एकच, आणि ते तुझ्याबरोबर घरभर फिरते. त्यामुळे जिथे बसलीस तिथले पुस्तक उघडे, आणि झालेल्या ओळीची नोंद त्या पुस्तकाच्या समासात. एकूण नमुना म्हणजे चार पुस्तकांत विखुरलेला एक पाचवा ग्रंथ होता. नुसती पाने चाळून भागण्यासारखे नव्हते, कारण ओळींना क्रमांक घालण्याचा तुला कंटाळा. खलाशाच्या पुस्तकात लिहितेस, ‘डॉक्टर खोटं बोलला त्याच्या पुढची ओळ.’ आता हा डॉक्टर रहस्यकथेतला! तो कधी खोटे बोलला हे कळायला रहस्यकथा वाचायला हवी. तिथे पाहावे, तर ‘राणीमाशी उडाली, मग दोन ओळी तशाच.’ म्हणजे मधमाश्यांकडे. तेव्हा चारही पुस्तके एकदम, तुझ्याच क्रमाने, वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मी वेळापत्रक आखले. सकाळी मधमाश्या, जेवणाआधी समुद्र, दुपारी खून, संध्याकाळी तीन पिढ्या. पुस्तक उघडे राहावे म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पान कोपराने उलटायचे. (पहिल्या आठवड्यात हनुवटीने उलटत होतो. त्यात घाम लागून खलाशाचे दोन दिवस एकमेकांना चिकटले आणि तो वादळातून थेट किनाऱ्याला लागला.) उन्हाळ्यात लोकर विणण्यामागचे शास्त्रही थोडक्यात सांगतो: लोकर उष्णता देत नाही, फक्त अडवते, पण हे मांडीला पटवून देता येत नाही. पंखा लावला तर लोकरीचा गुंडा खोलीभर धावतो, बंद केला तर सुई हातातून निसटते. मी बोटांना पावडर लावतो. त्यामुळे निळा स्वेटर सध्या आकाशी आहे.

बाह्यांना नमुना नव्हता, म्हणून त्या आधी घेतल्या, आणि इथे एक नियम माझ्या हाती लागला. डावी बाही मी दुपारी विणली, रहस्यकथेबरोबर. उजवी समुद्राबरोबर. दोन्हींचे टाके सारखे, ओळी सारख्या, सुयासुद्धा त्याच. पण डॉक्टरच्या बॅगेत काय आहे या काळजीने माझा हात इतका आवळत गेला, की डावी बाही मनगटाच्या चार बोटे वरच संपते. उजवीत मात्र खलाशाला सतरा दिवस वारा मिळाला नाही, त्या अवधीत वीण एवढी सैलावली की हाताची बोटे आतच राहतात. दोन्ही घालून आरशासमोर उभा राहिलो, तर कोणीतरी मला एका बाजूने ओढत असल्यासारखे दिसत होते.

पाठीचे प्रकरण याहून गंभीर आहे. तिचा नमुना मुख्यतः जाड कादंबरीच्या समासांत होता. सु, सु, उ, सु, सु. मी श्रद्धेने विणत गेलो. चौदा ओळी झाल्या. नायक कर्तव्यावर सहा पाने बोलतो तिथे आलो, तर समासात: ‘सु सु सु. फार सु.’ सुई हातात धरून मी विचार करू लागलो. सुलट टाका फार सुलट कसा असेल? आणि मग लख्ख उजेड पडला. या पुस्तकातला ‘सु’ म्हणजे सुमार, आणि ‘उ’ म्हणजे उत्तम! ताई, मी तुझे साहित्यविषयक मत पाठीवर विणत होतो. आपल्या समोरच राहणाऱ्या शिवणवाल्या बाई कापड मोजता मोजता म्हणाल्या, ‘सर, पाठीवर हे काय उठलंय? पुरळ?’ मी सांगितले, ही समीक्षा आहे. त्या म्हणाल्या, ‘मग ती अंगावर कशाला घेताय?’

तरी त्या चौदा ओळी मी उसवल्या नाहीत. सुलट टाका गुळगुळीत लागतो आणि उलट खडबडीत. त्यामुळे डोळे मिटून पाठीवरून बोट फिरवले, की कुठे तुला जांभई आली आणि कुठे तू सावरून बसलीस ते कळते. कादंबरीतल्या आजीच्या दागिन्यांच्या भांडणापाशी सलग पाच खडबडीत टाके आहेत. तिथे तू चहा गार होऊ दिला असशील. मधमाश्यांच्या ग्रंथात आणखी एक नोंद वारंवार येते, जिचा मला आधी उलगडा होईना. ‘हा अजून बोलतोय.’ एकूण सात ठिकाणी. मला वाटले, मधमाश्यांचा लेखक. मग नोंदींखालची तारीख पाहिली, सातही ठिकाणी एकच, आणि आठवले की त्या दिवशी मी तुला हवेचा दाब समजावून सांगत होतो. सातही वेळा पुढची ओळ मात्र अचूक आहे, एकही टाका चुकलेला नाही. माझ्या बोलण्याचा विणीवर काही परिणाम होत नाही, हे समजून मला प्रथम वाईट वाटले आणि नंतर, का कोण जाणे, फार बरे वाटले. हल्ली घर इतके शांत असते, की हवेच्या दाबावर मी एकदा मोठ्याने बोलून पाहिले. मजा आली नाही.

आता शेवटची आपत्ती. जाड कादंबरी तुझी नव्हेच, वाचनालयाची आहे. ग्रंथपालांचा तिसरा निरोप आला तेव्हा ती परत करणे भाग पडले. मी ती टेबलावर ठेवली, त्यांनी उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘सर, तुम्ही शिक्षक असून पुस्तकात लिहिता?’ ‘ताईनं लिहिलंय’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तू इथे नसताना तुझ्यावर ढकलणे बरे दिसले नसते, म्हणून खाली मान घातली. त्यांनी खणातून खोडरबर काढले आणि तिथेच, माझ्या देखत, पानामागून पान खोडायला सुरुवात केली. खोडायचे, फुंकर मारायची, पुढचे पान. ‘फार सु’पाशी थांबले. ‘हे काय?’ मी म्हटले, फार सुमार. त्यांनी ते पान वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, ‘हे राहू द्या.’ तेवढे राहिले. मी अजून न गाठलेल्या शेवटच्या शंभर पानांत मतांच्या अध्येमध्ये आकडे घातलेल्या काही खऱ्या ओळीही होत्या, खांद्यांच्या, त्या गेल्या. मी घरी आलो तेव्हा माझ्या बाहीवर खोडरबराचा भुगा होता. तो मी लगेच झटकला नाही.

सारांश, पाठ खांद्यांपाशी अडली आहे, लोकर सुयांवर आहे, तीन पुस्तके चिमट्यांत आहेत आणि चौथे घरात नाही. अशा अवस्थेतले सामान कोणत्याही टपालखात्याला बांधून देता येत नाही, हे तुलाही पटेल.

तुझा,
धाकटा

ता. क. १. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, ‘खांदे ना? पाठ करा इकडं, तासाभरात उतरवून देते.’ मी नको म्हटले. खांद्याचे माप तू घेतेस तसे घ्यायला हवे. विणलेला तुकडा पाठीला लावायचा, तोंडात टाचण्या धरायच्या आणि ‘हलू नकोस, बोलू नकोस’ म्हणायचे. स्वतःच्या पाठीचे माप स्वतः घेता येत नाही. कृती पत्राने पाठवण्याचे श्रम घेऊ नयेत. तुझे लिहिलेले वाचून मी काय विणतो, ते वर आलेच आहे.

ता. क. २. एक गोष्ट सांगायची राहिली. तू विणलेला पुढचा भाग, खांद्यांसकट, पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर खुर्चीवर पसरलेला आहे. त्यावरचे टाके मोजून तशीच पाठ विणता येते; त्याला एकही पुस्तक उघडावे लागत नाही, आठ-दहा दिवसांचे काम आहे. हे बाईंनीही सांगितले होते, आणि त्याआधी मलाही माहीत होते. पण त्या भागावर नुसते टाके होते. तुझे अक्षर समासात होते.

ता. क. ३. विचारणार नाही म्हटले होते, ते विचारतो. तू परत येणार आहेस का? नसशील, तर सरळ तसे लिही. नातीजवळ राहावेसे वाटले यात तुझे काही चुकले नाही. मी सगळे सामान त्याच दिवशी नीट बांधून पाठवीन, वर ‘सांभाळून’ असेही लिहीन. फक्त पार्सल मागवून मला ओळखायला लावू नकोस, मी अर्थ लावायला गेलो की चौदा ओळी चुकतो. आणि येणार असशील, तर उत्तर लिहीत बसू नकोस. सुट्टी आहे. मी दिवसभर घरीच असतो.