चिंचेने घासलेलं नाणं

मी, विश्राम गोपाळ केळुसकर, वय एकाहत्तर, राहणार गिरावीन, सिडनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका आल्यास मेव्हण्याला विचारू नये. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नी मेधा हिला. यावर चर्चा नको.

२. कालगुर्लीच्या खाणीत सतरा वर्षं इंजिनिअर असताना मी जुनी रोमन काशाची नाणी जमवली. सोन्याच्या गावात काशामागे धावणारा मी एकटाच. त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे.

३. चिरंजीव मिहिर यास लांडगीचं नाणं. तिला दोन मुलगे लुचत आहेत. मिहिर चौतीस वर्षांचा असून अद्याप आमच्याकडेच जेवतो.

४. मेव्हणे सारंग यांस जानस देवाचं जाड नाणं. या देवाला दोन तोंडं. सारंगराव मला "मेट, यू आर अ सेंट" म्हणतात आणि वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानात त्यांच्या ताईने, म्हणजे मेधाने, माझ्यापायी काय काय सोसलं ते सांगत बसतात. नाणं त्यांनी आरशाजवळ ठेवावं.

५. उरलं एक. राजाराणी हातात हात घेऊन उभे, वर अठराशे वर्षांचा हिरवा थर. नऊ वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला मेधाने ते चिंच-मीठ लावून घासलं आणि ताम्हणात मांडलं. थराबरोबर चेहरेही गेले. मी तिला पाहुण्यांदेखत अडाणी म्हणालो.

ती म्हणाली, "हिरवं चढलेलं मी देवापुढे ठेवत नाही. मग ते तुमचे राजे का असेनात."

मी एकोणीस दिवस अबोला धरला आणि नाण्यांच्या डब्याला कुलूप घातलं. त्यानंतर तिने माझ्या एकाही वस्तूला हात लावला नाही. माझा चष्मा पडला तरी मलाच उचलावा लागतो.

ते नाणं मेधाला. नीट पाहिलं तर धरलेले हात अजून दिसतात. अडाणी हा शब्द मी परत घेतो. तो मलाच शोभतो. माफी मागायला मला कलमांचा आडोसा लागला, याची तिने नोंद घ्यावी व खुशाल हसावं. डब्याची किल्ली आज सकाळी देवघरातल्या खिळ्याला अडकवली आहे.

सही: विश्राम गोपाळ केळुसकर
साक्षीदार: दीप्ती व हृषीकेश, शेजारी (सह्या केल्या)
गिरावीन, १८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

ता. क. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये म्हणतात, म्हणून मेधाला सहीसाठी बोलावलं नाही. ती स्वयंपाकघरात चिंच भिजत घालते आहे. किल्ली खिळ्यावर नाही.