कुडाच्या भिंतीआड

इंदूर

आक्का, तुला वाकून नमस्कार.

हितं माझं बरं चाललंय. कॉलेजात एका इंग्रज लेखिकेच्या विनोदी कादंबऱ्या शिकवते. तिच्या नायिका बिनलग्नाच्या, दुसऱ्यांच्या कार्यात चहा देत फिरणाऱ्या. वर्गातल्या पोरी लई हसतात. मला हसू येत न्हाई.

आईचे गुडघे कसे आहेत? तांबडी शेळी व्याली का?

मला बघायला पाहुणे आले, तवा पोहे तूच केले होतेस. थोरली अजून बिनलग्नाची दिसू नये म्हणून काकीनं तुला मागं शेळ्यांकडं धाडलं. पाहुण्यांनी इचारलं, तवा म्या सांगितलं, "मीच थोरली."

फोनवर हे बोलवत न्हाई. मधे नुसती कुडाची भिंत होती, आक्का. तुला ऐकू आलं होतं का गं?

तुझी धाकटी,
कोमल