ठोकळा भरला होता

सोम. ३ मार्च
एका शाळेच्या जिममधून तपासणीला खोका आला. बास्केटबॉल हूपचे तीन बोल्ट, डोकी तुटलेली. आवळल्यावर दोन दिवसांनी आपोआप तुटले. खाली कुणी नव्हतं, नशीब. मायक्रोस्कोपखाली तुटलेली जागा दाणेदार, साखरेसारखी. पोलाद प्रमाणाबाहेर कडक, त्यात झिंक चढवताना हायड्रोजन शिरलेला. ठिसूळ होणारच. पण हा लॉट ‘कडकपणा मर्यादेत’ म्हणून पास केला कोणी? आमच्याच लॅबने. सही माझी.

मंगळ. ४
तेच बोल्ट आमच्या कडकपणा मोजायच्या मशीनवर पुन्हा पास! कोलंबस शहरातल्या दुसऱ्या लॅबमध्ये नापास.
श्रीकांत (मालक, पण मला ताई म्हणतो): “त्यांचं मशीन गंडलं असेल यार. ताई, गुरुवारी असेसर येतेय, लॅबची मान्यता तपासायला. ॲक्रेडिटेशन गेलं तर लॅब बंद. शुक्रवारनंतर बघू ना.”
भडकले. खरेपणावर ग्रीकांपासून संतांपर्यंत सगळे काढले. दहा मिनिटं.
“माइक आणू का?” म्हणाला.

बुध. ५
सापडलं. रोज सकाळी, कडकपणा आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित ठोकळ्यावर बारीक खड्डा पाडून मशीन तपासतो. ठोकळा खड्ड्यांनी गच्च. नवा खड्डा जुन्याला खेटून पडला की आकडा वाढतो. मशीन कमी दाखवतंय, ठोकळा जास्त. दोन चुका मिळून रोज ‘ओके’. कित्येक महिने!
डेव्हला, आमच्या जुन्या टेक्निशियनला, फैलावर घेतलं. तो शांतपणे, “मी नवा मागितला होता. यू सेड, देअर्स स्टिल रूम.”
खरं आहे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. एवढासा खड्डा, एवढी जागा, टाकायचा कशाला...
डेव्हची माफी मागितली. कालचं भाषण आठवून कान तापले.
जेवताना लेकीला, ईराला, सांगितलं. “सो टेल द असेसर, आई. वन सेंटेन्स. नो स्पीच.”

गुरु. ६
असेसर कोट काढत होती तेव्हाच सांगितलं. चूक आमच्या लॅबची, निर्णय माझा, हा ठोकळा. श्रीकांतने डोळे मिटले.
तिने ठोकळा खिडकीशी नेला. एकेक खड्डा निरखला.
“कुणी शोधलं?”
“आम्ही. काल.”
लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग, “या मशीनवरून गेलेल्या रिपोर्टांची यादी?”
तयार होती. तिने पहिल्यांदाच मान डोलावली.

शुक्र. ७
ॲक्रेडिटेशनचा निकाल काही आठवड्यांनी. जाईलही. मशीन बंद, नवा ठोकळा मागवला. सकाळपासून यादीतल्या सगळ्यांना फोन. श्रीकांत स्वतः बसलाय, “सर, दॅट्स अवर मिस्टेक,” प्रत्येकाला. हा माणूस मला नव्यानेच कळतोय.
दुपारी माझा फोन दुसऱ्या एका शाळेत. त्याच लॉटचे बोल्ट, छताला टांगलेल्या चढायच्या दोरांना. क्लास चालू होता.
“होल्ड ऑन,” कोच म्हणाला आणि ओरडला, “एव्हरीबडी डाउन! नाऊ!”
फोन कानाला घट्ट धरला. गादीवर धप्प. धप्प. मग कुणीतरी कुरकुरलं, आणि शेवटचं धप्प.
श्रीकांतने पुढचा नंबर माझ्यापुढे सरकवला.